बाबांच्या छातीवरचा पहारा

माझ्या वडिलांना हृदयविकार नव्हता. तो त्यांना मी दिला!

झालं असं, की एकोणीसशे पंच्याऐंशीच्या सुमारास आमच्या दहिसरच्या चाळीचा जिना चढताना बाबांना धाप लागायला लागली. गिरणीत उभा जन्म काढलेला माणूस, वय बहात्तर. डॉक्टरांनी तपासून शांतपणे सांगितलं, "वयानं हृदयाची भिंत जाड होते, ताठरते. रक्त भरायला वेळ लागतो. घाबरू नका, दमानं घ्या."

मी घरातला एकुलता एक पदवीधर (बी.कॉम., दुसऱ्या फटक्यात). मी फक्त 'भिंत' ऐकलं. आमच्या चाळीच्या भिंती रोज बघत होतो ना! बाबांना त्याच दिवशी खाटेवर आडवं केलं. जिना बंद, बांगडा बंद, आपली बॅटिंग सुरू झाली की रेडिओ बंद! शिंक आली तरी मी धावायचो.

रोज संध्याकाळी त्यांचे गिरणीतले दोस्त परबकाका त्यांना नदीवर फिरायला न्यायला यायचे. त्यांना मी दारातच अडवलं.

"बाबांना बोलायची मनाई आहे."

"मगे मी बोलतंय. तो आयकांदे!"

तरी मी दार लावलं.

दहाव्या दिवशी परबकाकांचा जावई निरोप घेऊन आला. परबकाका गेले. झोपेतच.

"बाबांना सांगायला हवं हो," बायको म्हणाली.

"वेड लागलंय तुला? धक्का बसेल त्यांना!"

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "गोविंद येवक नाय?"

"परबकाका गावी गेलेत."

"माका न सांगता? येवंदे, बोलतंयच नाय त्याच्याशी!"

आणि पुढचे वीस दिवस बाबा मेलेल्या मित्रावर रुसून बसले. मी रोज नाडी मोजत होतो.

महिन्यानं डॉक्टरांकडे नेलं, तर बाबांचे पाय लटपटत होते.

"झोपवून कोणी ठेवलं यांना?" डॉक्टर ओरडले. "दमानं घ्या म्हणजे सावकाश चालवा! अशानं असलेली ताकदही जाईल. वाट लावलीत माणसाची!"

बाहेर पडताच बाबा तशाच पायांनी निघाले ते थेट परबांच्या घराकडे. "गावसून इलो काय बघतंय!" वाटेत मी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं.

दारातून समोरच हार घातलेला फोटो दिसला.

मी झडप घालून बाबांना धरलं. ते पडले नाहीत. नुसतं विचारलं, "कधी?"

"वीस दिवस झाले," परबकाकू म्हणाल्या. "जावयाकडसून निरोप धाडललो ना!"

बाबांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. घामानं शर्ट भिजला, आणि मी दारातच मटकन खाली बसलो. काकू लगबगीनं पाण्याचा तांब्या घेऊन बाबांकडे आल्या.

बाबांनी हातानंच थांबवलं. "वयनी, माका नको. आधी ह्येका दी. काळीज ह्येचा नाजूक असा."

मी मुकाट्यानं प्यायलो. दमानं!