कांड्यांनी मोजलेला दिवस

सोलापुरात आमच्या घरी घड्याळ नव्हतं. गिरणीचा सकाळचा भोंगा झाला की आई रहाटाला बसायची आणि दुपारच्या भोंग्याला उठायची. शेजारच्या हातमागासाठी ती सुताच्या कांड्या भरून द्यायची. तेवढ्या वेळात बरोबर चाळीस. एखादी कमी भरली तर भोंगा वाजवणाऱ्याला शिव्या घालायची, स्वतःला कधीच नाही.

मी नुकतीच ट्रेनिंग कॉलेजातून बाहेर पडलेली, मास्तरीण व्हायच्या तोऱ्यात. एकदा तिच्यापुढेच शहाणपण पाजळलं. चंद्र समुद्राचं पाणी ओढतो, ते पाणी फिरत्या पृथ्वीला अडवतं, म्हणून तिची गिरकी मंदावते आणि दिवस लांबत जातो.

आईने रहाटाच्या फिरत्या चाकाला बोट लावलं. चाक मंदावलं.

"असं व्हय?"

"असंच."

"बोट तापतंय की. पण समदा जोर काय बोटात गेला न्हाय. बाकीचा कुटं जातो?"

हा प्रश्न आमच्या कॉलेजात कुणाला सुचला नव्हता. मी म्हटलं, थोडा चंद्राला मिळतो. त्यामुळे तो लांब सरकतो आणि त्याची चालही मंद होते.

"जोर मिळाल्यावर मंद?"

"लांब जाण्यातच तो जोर खर्ची पडतो, आई."

तिने बोट काढून चाक पुन्हा फिरवलं. कोकणातल्या एका शाळेत मला नोकरी लागली होती, आणि निघायला आठच दिवस उरले होते.

पहिली दोन वर्षं मी प्रत्येक सुट्टीला घरी आले. मग वर्षातून एकदा. मग तेही चुकलं. खाडीला रोज भरती-ओहोटी बघायची आणि आईला पत्र लिहायचं उद्यावर टाकायची.

एक दिवस तिचंच पत्र आलं, शेजारच्या मामींच्या मुलीकडून लिहवलेलं. 'तुजं शास्त्र चुकलंय. दिवस लांबत न्हाय, आखूड व्हायलाय. भोंगा ते भोंगा तीसच कांड्या होत्यात. पुस्तकवाल्याला इचार.'

मी पोट धरून हसले. दोन पानी उत्तर लिहिलं, चंद्राची आकृतीसुद्धा काढली. हा फरक इतका बारीक असतो की माणसाच्या जन्मात कळत नाही, दिवस होता तेवढाच आहे, असं ठासून सांगितलं. तिच्या हातांबद्दल एक शब्द विचारला नाही. त्याबद्दल मला आजही स्वतःची चीड येते.

महिन्याभराने तार आली. आगबोट आणि रेल्वे करत पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. रहाट भिंतीला टेकवून ठेवला होता. मामी माझ्याजवळ बसल्या.

"तुजं पत्र पोरीनं दोनदा वाचून दाखवलं. आई म्हणली, म्हंजे दिवस तेवढाच हाय. दुसऱ्या दिवसापासनं भोंग्याच्या आदीच रहाटाला बसायची, चाळीस भरल्याबिगर उठायची न्हाय. हात थरथर कापायचे. तुला कळवू का म्हणलं, तर म्हणली, नगं. शास्त्र बरोबर हाय तिचं."