मांडीच्या हाडावरचे थर

एक्स-रे खोलीतल्या ताईंना सगळे ‘हलू-नका ताई’ म्हणत. सव्वीस वर्षं तेच बोलून त्या घरी नवऱ्यालाही चहा देताना “हलू नका” म्हणतात, असं हाडांचे डॉक्टर चेष्टेने सांगत.

एका सकाळी बेकरीवाल्याची तेरा वर्षांची मुलगी बापाच्या खांद्यावर हात टाकून लंगडत आत आली. महिन्यापूर्वी तिची मांडी सुजली होती, तापही आला होता. हाडात जंतू झालेत म्हणून डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली. ताप उतरला, पण दुखणं पिच्छा सोडेना.

“पुन्हा फोटो? माझ्या हाडाचा अल्बम करताय का?” मुलगी वैतागली.

ताई हसल्या. पण नवा फोटो जुन्याशेजारी लावला आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली. हाडावर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे तीन थर दिसत होते. महिन्यापूर्वी तिथे एक पुसट रेघ होती. ती तेव्हाही त्यांना दिसली होती. आपलं काम फोटो काढायचं, म्हणून त्या गप्प बसल्या होत्या.

या वेळी त्या दोन्ही फोटो घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. “लहान तोंडी मोठा घास घेते...”

“जंतूंमुळेही असे थर येतात, ताई.”

“येतात. पण औषध चालू असताना वाढतात?”

डॉक्टरांनी दोन्ही फोटो पुन्हा उजेडासमोर धरले. दोन दिवसांनी त्यांनी तपासणीसाठी मुलीच्या हाडातला छोटा तुकडा काढला. सोबत पिवळट, पातळ काहीतरी आलं. ते ऐकून बापाचा जीव भांड्यात पडला. “पू आहे ना? म्हणजे जंतूच!”

“तसंच वाटतंय. पण नुसत्या वाटण्यावर आता जायचं नाही,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी एक भाग जंतू तपासायला दिला, दुसरा सूक्ष्मदर्शकाखाली. जंतू काही वाढलेच नाहीत. सूक्ष्मदर्शकात मात्र कर्करोग निघाला.

“म्हणजे महिना वाया गेला?” बापाने विचारलं.

“गेला. चूक माझी,” डॉक्टर म्हणाले.

दारात उभ्या ताईंनी मान खाली घातली.

रोग अजून दुसरीकडे पसरला नव्हता. औषधांनी मुलीचे केस गेले, रोगट हाड काढून मांडीत धातूचा दांडा बसवला, शाळेचं वर्ष बुडालं. याला आता दोन वर्षं झाली. ती किंचित लंगडत बेकरीत वावरते आणि पाव करपला की बापालाच दटावते. रोग फुप्फुसात गेला नाही ना हे बघायला छातीचा फोटो काढायला अजून दर तीन महिन्यांनी येते.

ताई आता शंका आली की थेट डॉक्टरांचं दार ठोठावतात.

“ताई, आज तिसऱ्यांदा आलात!”

“दोनदा उगाच आले असेन. हा बघा.”