फसलेल्या फोटोंचं रॉकेट

मामा माणसं तोंडावरून ओळखत नसे. रस्त्यात कोणी हसून हात केला की तो नुसती मान डोलवी आणि चार पावलं पुढे गेल्यावर मला सांगे, "डावं मनगट. दोन ठिकाणी." तीस वर्षं एकाच इस्पितळात एक्स-रे काढल्यावर माणसाचं असं होत असावं. "श्वास रोखा, हलू नका," हे तर तो घरीही इतक्या हुकमी आवाजात म्हणे, की मामीची सुरी कांद्यात अर्धवट थांबे. "घ्या श्वास" म्हणेपर्यंत पुढची फोड पाडायची कोणाची बिशाद नव्हती.

रॉकेटची गोष्ट मी अकरावीत असतानाची. आजोबा, म्हणजे मामाचे वडील, जिन्यावरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड सांधलं, डॉक्टरांनी चालायला सांगितलं. आजोबा पलंगावरून पाय खाली टेकवायला तयार नाहीत. अडीच महिने गेले. शेवटी डॉक्टरांनी मामाला बाजूला घेतलं. या महिन्यात उभे राहिले नाहीत, तर पुढे राहतील ही आशा सोडा, म्हणाले.

मामाने घरी येऊन फिल्म उजेडात धरली. "बाबा, बघा तरी. रेघसुद्धा दिसत नाही."

"हा फोटो माझा नाही."

"खाली तुमचं नाव आहे."

"नाव काय, कुणाचंही घालतात."

आजोबा जन्मभर सुतारकाम केलेले. सांधा ठोकून बघितल्याशिवाय त्यांना पटत नसे, आणि हा सांधा ठोकून बघायची हिंमत उरली नव्हती.

त्याच सुमारास इस्पितळात कॉम्प्युटर आला आणि फिल्म बंद झाल्या. पेशंट हलल्यामुळे फसलेल्या फिल्मची एक पेटी मामाने माळ्यावर जपली होती. ती त्याने खाली काढली आणि थेट आजोबांच्या पलंगाशेजारी पसारा मांडला.

"काय चाललंय?" आजोबांनी विचारलं.

"रॉकेट करतोय."

"वय काय तुझं?"

"चोपन्न."

"बरं. मला वाटलं, लहान आहेस."

थंड पेयाची मोठी बाटली, तिला सलाइनच्या बाटलीचं रबरी बूच, बुचातून आरपार सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह. बाटलीत तिसरा हिस्सा पाणी भरायचं, पंपाने हवा कोंबायची आणि दोरी ओढून बूच अडवणारा खिळा काढला की पाणी खाली, रॉकेट वर. शेंड्याचं टोपरं आणि पंख फिल्मचे, दोन-दोन एकावर एक चिकटवून. एका पंखावर कोणाच्या तरी बरगड्या, दुसऱ्यावर गुडघा.

"चार पंख कशाला?" आजोबा पडल्यापडल्या गुरकावले. "तीन पायांचं स्टूल कधी डुगडुगतं का?"

मामाने निमूटपणे चौथा पंख कापून टाकला. तो हसला नाही, पण मी त्याचे कान लाल झालेले पाहिले.

रविवारी सकाळी खाली अंगणात सगळी तयारी झाली. "पलंग खिडकीशी सरकवू?" मामाने विचारलं होतं. "नको. आवाज ऐकू येईल तेवढा पुरे," हे आजोबांचं उत्तर. मामा खाली आला.

मामीच्या हातात दोरी दिली. मामाने पंचवीस वेळा पंप मारला, मागे सरकला, आणि सवयीने खणखणीत आवाजात म्हणाला, "श्वास रोखा, हलू नका!"

आम्ही रोखला. आई पायरीवर पुतळा. मामी दोरी धरून पुतळा. मामाने स्वतःही रोखलेला, त्यामुळे पुढचं वाक्य म्हणणार कोण? बुचाशी पाण्याचे बुडबुडे फसफसत होते, हवा चालली होती, आणि आमचे चेहरे जांभळे होत होते.

"अरे, ओढा की ती दोरी, गाढवांनो!"

आवाज वरून आला. मामीने दचकून दोरी ओढली. एक फवारा उडाला, मामा नखशिखांत भिजला, आम्ही माना मागे टाकल्या. मामाने टाकली नाही. तो पहिल्या मजल्याच्या खिडकीकडे बघत होता. तिथे आजोबा चौकट दोन्ही हातांनी धरून उभे होते.

मामा ओल्या कपड्यांनी जिना चढला. मागोमाग मी. "बघत काय बसलास, धर मला," आजोबा म्हणाले. "इथवर कसा आलो, देव जाणे. परत जाता येत नाहीये."

त्यानंतर चार वर्षं ते काठी घेऊन चालले, आणि डॉक्टरांनाही फोटो खोटा होता असंच सांगत राहिले.

रॉकेट काही सापडलं नाही. मामा आता निवृत्त झालाय. मी गेलो की तो चहा पुढे ठेवून सहज विचारल्यासारखं विचारतो, "किती वर गेलं होतं रे ते?" मामी म्हणते, पाण्याच्या टाकीएवढं. आई म्हणते, टाकीच्या दुप्पट. मी दरवर्षी थोडं चढवतो. यंदा ढगाला टेकवलं. मामाने नीट ऐकून घेतलं, आणि म्हणाला, "तीन पंखांनी एवढं जाणारच."