काकांनी बांधलेलं इंजिन मी जाळलं

मंडळी, आज फार थकलोय.

माझ्या जुन्या स्पोर्ट्स कारचं इंजिन हडपसरच्या मेकॅनिक शिंदेकाकांनी आठ महिने खपून नव्यानं बांधलं, मोठा टर्बो बसवला. "पहिले हजार किलोमीटर जपून," एवढंच बजावलं होतं.

सकाळी कात्रजच्या घाटात मी गाडी दामटली. निळा धूर निघाला. टो करून काकांच्या गॅरेजवर आणली.

"जोरात पळवली नाहीत ना?" काकांनी विचारलं.

मी "नाही" म्हणालो.

इंजिन उघडलं तर पिस्टन वितळलेला. "माझंच काहीतरी चुकलं असणार," म्हणत ते दुपारभर स्वतःचं काम तपासत बसले. शेवटी मला बघवेना. खरं सांगितलं.

"अहो, मग सकाळीच सांगायचं ना," म्हणाले आणि हात धुवायला गेले.

ओरडले असते तर बरं वाटलं असतं. उद्या कुठल्या तोंडानं त्यांच्याकडे जाऊ? तुम्ही गेला असता?