खिशातला प्लग

पेट्रोलचा वास आला की माझा हात आपोआप खिशाकडे जातो. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतला तो हरताळाचा दिवस होता. गिरण्यांचे भोंगेही गप्प, वरळीच्या किनाऱ्यावर नुसती लाटांची गाज. आदल्या दिवशी मोर्चाला गेलेला दादा अजून घरी आला नव्हता. "येईल तो. तोवर त्याच्या बोटीचा स्पार्क प्लग साफ करून ठेव," वडील म्हणाले. दादाने हौसेने घेतलेली ती जुनी मोटरबोट पावसाळ्यापासून वाळूवर ओढून ठेवलेली होती. मी गार इंजिनातून प्लग काढला आणि पॉलिशपेपरने घासत बसलो. इतक्यात समुद्रातून आमच्याच इंजिनाचा आवाज आला. तीन ठोके आणि एक उचकी. ती खोड घालवायला दादाने कितीतरी रविवार घालवले होते. बोटीवर लक्ष ठेवणारी कोळीण हातातलं जाळं टाकून उभी राहिली. "तुमची बोट तर इथं हाय, मंग तिथं कोन चालवतंय रं?" समोरचं पाणी रिकामं होतं. मी इंजिनाला हात लावला आणि चटकन मागे घेतला. ते चांगलंच तापलं होतं. दादा परत आलाच नाही. वडिलांनी बोट विकली, प्लग मात्र मी ठेवून घेतला. आज पेट्रोल पंपावर पुन्हा चाचपला. गारच होता. इतक्या वर्षांत एकदाही गरम लागलेला नाही, पण चाचपायचं मला सुटत नाही.