गौरीच्या वाटेवरचा तेलाचा डाग

वैशाखात मी धारला गेले होते, ती दादाची आणि माझी शेवटची भेट. देवासला परत निघाले तेव्हा भाच्यानं मोटार दाराशी आणून लावली. दादा काठी टेकत मला पोचवायला बाहेर आला. मी त्याच्या पाया पडायला वाकणार, तोच तो स्वतः वाकला. एक हात मोटारीवर, एक काठीवर, आणि मान पार खाली घालून त्यानं गाडीखाली बघितलं. वहिनी आतून ओरडली, "अहो, पडाल!" दादा सावकाश सरळ झाला. "कोरडं आहे," म्हणाला. "निघ आता, सुमे." श्रावणात भाच्याचा फोन आला... बाबा झोपेतच गेले म्हणून. फोन ठेवला आणि पहिलं आठवलं ते हेच, गाडीखाली वाकलेलं त्याचं पांढरं डोकं. बाहेरच्या माणसाला यातलं काही कळायचं नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते.

धार संस्थान विलीन झालं तेव्हा आमचे वडील, आबा, दरबारच्या दफ्तरात होते आणि दादा त्यांच्याच हाताखाली कारकून. नव्या सरकारात दादाला नोकरी मिळत होती, पण ग्वाल्हेरला. दादा म्हणाला, जाणार नाही. नुसतं म्हणाला नाही, तर आठवड्याभरात इंदूरच्या एका ठेकेदाराकडून जुना ट्रक घेऊन आला. लढाईच्या आधीचा, डिझेलवर चालणारा, पुढचा एक दिवा कायमचा मिटलेला. बदनावरच्या मंडीतून धान्य भरायचं आणि इंदूर-देवासला पोचवायचं, असा त्याचा बेत. ते धूड आमच्या फरसबंदी अंगणात शिरलं तेव्हा आबा ओट्यावर उभे होते. त्यांनी एकदा ट्रककडे बघितलं, एकदा मुलाकडे, आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत. दादानं मात्र अंगणावर पत्रे घातले, आणि त्यांच्याखाली गाडी अशी लाडानं उभी केली की वहिनीलाही हेवा वाटावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी फरशीवर ताटाएवढा काळा डाग. इंजिन तेल गाळत होतं. गल्लीतले बसवाले रामाजी येऊन खाली डोकावले आणि म्हणाले, "अरे भिया, ये तो रो रिया हे!" गाडी रडते, हे दादानं मनाला लावून घेतलं. चाकांना दगड लावून तो पाठीवर झोपला, तेल घमेल्यात काढलं, आणि इंजिनाच्या बुडाला असतं ते तेलाचं चेंबर खोलून खाली घेतलं. त्याच्या कडेचं पॅकिंग गेलेलं होतं. नवं पॅकिंग त्यानं पुठ्ठ्यातून कापलं, आणि ते घट्ट बसावं म्हणून त्याला जे सुचलं ते फक्त दफ्तरातल्या माणसालाच सुचू शकतं. घरात दरबारची लाख उरली होती, पाकिटांवर मोहोर उठवायची ती लाल लाख. ती वितळवून त्यानं चेंबरच्या कडेला नीट लावली. पाकीट बंद करतात तसं चेंबर बंद केलं! रात्रभर थेंब पडला नाही. दादा खुशीत बदनावरला जाऊन आला, आणि तापलेल्या इंजिनानं आमच्या अंगणात तेलाबरोबर लालभडक लाखही ओकली. आबा ओट्यावरून म्हणाले, "बघा, संस्थानाची मोहोर गळाली." ट्रक आल्यापासून ते पहिल्यांदाच हसले होते, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं.

भाद्रपद लागला तेव्हा दादानं बुचाचं पॅकिंग आणून घातलं होतं, तरी गळती होतीच. डाग नेमका गौरीच्या वाटेवर. आमच्याकडे फाटकापासून देवघरापर्यंत रांगोळीनं गौरीची पावलं काढतात, आणि तेलावर रांगोळी धरत नाही, काळी पडते. आबांनी दादाला बोलावून सांगितलं, "या घाणीवरून मी घरात लक्ष्मी आणणार नाही. गौरी यायच्या आत अंगण कोरडं झालं तर ठीक. नाही तर गाडी विकायची आणि ग्वाल्हेरला रुजू व्हायचं." दादा "बरं" म्हणाला. आबांपुढे आम्ही सगळे "बरं"च म्हणायचो. पण त्याचा चेहरा मी पाहिला होता. त्या खटाऱ्यात त्याचा जीव का अडकला होता, हे तेव्हा मला कळलं नाही, आज कळतं. जन्मात पहिल्यांदा त्यानं एक गोष्ट स्वतःच्या मनानं केली होती. वहिनीची वेगळीच कुचंबणा. तिला ग्वाल्हेर नको होतं, पण अंगणात तेलही नको होतं.

गौरी यायच्या आदल्या दिवशी दादा सकाळपासून ट्रकखाली. इंजिन रॉकेलनं लख्ख पुसून त्यानं चालू करून ठेवलं होतं, आणि स्वतः खाली झोपून चेंबरकडे टक लावून बघत होता. वहिनी रांगोळीचा डबा घेऊन डागापाशी आली. राखेनं, चुन्यानं घासघासून तिचे हात सोलले होते. तिनं एक पाऊल काढलं, ते बघता बघता काळं झालं. दुसरं काढलं, तेही. वहिनी तशी गरीब गाय, पण त्या दिवशी तिचा संयम संपला. "थांबा, तुमच्या इंजिनालाच काढते रांगोळी!" असं म्हणून तिनं मूठभर रांगोळी उघड्या इंजिनावर फेकली आणि रडत ओट्यावर जाऊन बसली. दादा खालून तणतणत बाहेर आला. पांढरी भुवई, पांढरी मिशी... मला हसू आवरेना. तो तिच्यावर ओरडायला वळला आणि तसाच थांबला. सगळं इंजिन पांढरं झालं होतं, आणि त्या पांढऱ्यावरून एक काळी ओली रेघ खाली उतरत होती. चेंबरमधून नाही, थेट इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या मागच्या कोपऱ्यातून! तेल वरून गळत होतं, इंजिनाच्या अंगावरून ओघळून खाली टपकत होतं, आणि आमचा दादा आठवडेच्या आठवडे त्याचं बूड दुरुस्त करत होता.

इंजिन थंड होईपर्यंत त्याला दम निघेना. उरलेल्या बुचातून वरच्या झाकणाचं पॅकिंग त्यानं कापलं आणि बोल्ट आलटून पालटून, हलक्या हातानं आवळले. मग गाडी गावाबाहेर नेऊन, चांगली तापवून आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा ओट्यावर येऊन उभे राहिले. खाली बघायचा दादाला धीर होईना. त्यानं वहिनीलाच विचारलं, "कोरडं आहे का गं?" वहिनी वाकली. गाडीखालच्या फरशीवर तिनं चिमूटभर रांगोळी सोडली आणि थोडा वेळ थांबली. "कोरडं आहे," ती म्हणाली. आबा पूजेची तयारी बघायला आत गेले. ग्वाल्हेरचं नाव पुन्हा निघालं नाही.

जुना डाग मात्र गेला नाही. वहिनीनं पावलं डागाच्या अलीकडे थांबवली आणि पलीकडून पुन्हा सुरू केली. म्हणून आमच्या घरची गौर तिथे लांब ढांग टाकते, अगदी आजवर. गौर कशाच्या पावलांनी आली असं विचारायची रीत आहे, आणि सोन्याच्या असं उत्तर द्यायचं. त्या वर्षी दादानं मागून हळूच म्हटलं, "डिझेलच्या." आबांनी ते ऐकलं असणार, पण ते रागावले नाहीत.

पुढे मी लग्न होऊन देवासला आले. दादा धान्य घेऊन यायचा, दारात गाडी थांबवायचा, आणि घरात पाऊल टाकायच्या आधी वाकून खाली बघायचा. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "तुझा भाऊ आधी गाडीच्या पाया पडतो, मग माझ्या." ट्रक पुढे गेला, दुसरा आला, तोही गेला. दादा थकला. पण रोज सकाळी दाढी करताना तो आतूनच विचारायचा, "कोरडं आहे का गं?" आणि वहिनी हातातलं काम न सोडता, अंगणाकडे न बघताच सांगायची, "आहे हो." किती वर्षं चाललं हे... मला तर वाटायचं, दोघं म्हातारपणी खुळावली आहेत.

यंदा सुतकाचं वर्ष, घरात गौरी नाहीत. तरी त्या दिवशी वहिनीजवळ असावं म्हणून मी धारला गेले. सकाळी ती पत्र्याखाली खुर्ची टाकून बसली होती. अंगण धुतलेलं, मोकळं, आणि मधोमध तो डाग. आत आरशापुढे दादाचा दाढीचा ब्रश तसाच उभा होता. मग वहिनी उठली आणि आतून रांगोळीचा डबा घेऊन आली.

"वहिनी, यंदा काढायची नाही ना?" मी म्हटलं.

"काढत नाहीये," ती म्हणाली.

माझ्या खांद्याचा आधार घेऊन ती वाकली. डागावर चिमूटभर रांगोळी सोडली आणि बघत राहिली. रांगोळी पांढरीच राहिली. मग घराकडे तोंड करून, रोजच्याच आवाजात तिनं सांगितलं, "अहो, कोरडं आहे."