मिठाच्या पाण्यातलं धान

दुसरी मोठी लढाई संपली त्या हिवाळ्यात गोंदियाला विज्ञानाचं प्रदर्शन भरलं. मी तिरोड्याला मास्तर. पोरांपेक्षा मलाच जायची घाई. बाबा म्हणाले, "देव नाही, पालखी नाही, कायले जाऊन राह्यला?" माय मात्र पदराला बियाण्याचं मूठभर धान बांधून तयार. दोन वर्षं आमचं रोप विरळ उगवत होतं. बियाणं मायच्या हवाली, म्हणून घरात बोल तिलाच. बाबा तर उघड म्हणायचे, तिच्या हाताला बरकत नाही. मला ते फार लागायचं. अखेर मळणी एक दिवस थांबवून बाबाही निघाले.

पुन्हा असं प्रदर्शन भरलं आणि जाणार असाल तर सकाळची पॅसेंजर धरा. तिसऱ्या वर्गाला थोडेच आणे पडतात, बसायला जागाही मिळते. शिदोरी घरूनच न्या. मंडपाबाहेरची भजी तेलकट आणि वर महाग. आम्ही तांदळाची भाकर आणि चटणी स्टेशनातच सोडून खाल्ली.

आत चुंबक, वाफेवर फिरणारं चाक, सूक्ष्मदर्शक. पाण्याच्या थेंबातले किडे पाहून बाबा मागे सरले. "हे आपन पितो?" मग तेच तीनदा रांगेत लागले. जत्रेएवढी गर्दी, पण मानापानाची भानगड नाही. शेटजी असो की शेतमजूर, त्याच नळीला डोळा लावायचा. मला हे मनापासून आवडलं.

शेवटच्या मेजावर एक शेतकी जाणकार मिठाच्या पाण्यात धान टाकून पोकळ दाणे वेगळे करून दाखवत होता. "जो तैर रहा है, वो पोचा है, माताजी."

मायनं पदराची गाठ सोडून आपलं धान पाण्यात टाकलं. निम्मं धान वर आलं.

"पाह्य," बाबा म्हणाले. "मी काय म्हनत होतो?"

माय पाण्याकडेच पाहत म्हणाली, "भरलं धान तुमी बजारात नेता. खळ्यातलं उरलंसुरलं मले देता. त्याचंच बियानं होते."

जाणकारानं "सही है" म्हणत मान डोलावली. परतीच्या गाडीत बाबांनी चंची सोडली नाही. ना पान, ना तंबाखू.

प्रदर्शनातलं चाक कसं फिरतं ते मी आता अर्धंच सांगू शकेन. लक्षात राहिली ती दुसऱ्या दिवशीची सकाळ. वारा सुटला, बाबांनी धान उफणलं, आणि पहिली भरल्या दाण्यांची टोपली बैलगाडीत न टाकता मायपुढे आणून ठेवली.

"घे. बियान्याचं."

मायनं टोपलीला हातही लावला नाही.

"आधी मीठ आना," ती म्हणाली. "पाह्यल्याबिगर मी घेत नाही."

आणि बाबा मीठ आणायला उठले.